आत्याला सांगितले

त्या कचेरीत कोड लिहिणाऱ्यापेक्षा कोड पुसणाऱ्याला अधिक मान होता. ‘कमी ओळी, कमी कटकट’ हे वचन प्रवेशद्वारासमोरच्या भिंतीवर शिलालेखाच्या थाटात झळकत असे, आणि महिनाभरात ज्याने सर्वांत जास्त पुसले त्याच्या मेजावर विभागप्रमुख स्वहस्ते एक पितळी कात्री आणून ठेवीत. टाळ्या होत. काय पुसले हे मात्र कोणी विचारीत नसे. जे काय होते हेच कोणाला ठाऊक नाही, त्याच्या जाण्याचे सुतक कोण पाळणार?

सध्या ती कात्री वस्तऱ्याकडे होती. वस्तरा हे त्याचे टोपणनाव. माणूस तिशीतला, हुशार, बोटांचा चपळ. स्वतःची दाढी आठवडा-आठवडा वाढलेली, पण दुसऱ्याच्या कोडावर एक फालतू केस दिसला तरी त्याचा हात शिवशिवे. त्या सकाळी त्याने आपला नवा बदल तपासणीसाठी चाळणीकडे पाठवला.

चाळण म्हणजे त्या कचेरीतली सर्वांत जुनी तपासनीस. तिच्या ‘हो’शिवाय एक ओळही बाहेर जात नसे. नाव पोरासोरांनी पाठीमागे ठेवले होते; तिच्या कानावर आले तेव्हा ती भर बैठकीत म्हणाली होती, “चाळणीत मागे राहतो तो कोंडा. तुमचं काम माझ्याकडे अडकून राहतं, ह्याचा अर्थ तुमचा तुम्हीच लावा.” त्यानंतर नाव अधिकच घट्ट चिकटले, आणि तिला त्याचा बहुधा अभिमान वाटत असावा.

कंपनीचा धंदा सांगायला सोपा होता. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात एक बटण आणि घरातल्या भिंतीवर एक डबा. पडले, छातीत कळ आली, की बटण दाबायचे. डबा मदतकेंद्राला हाक मारतो आणि त्याच्यावरचा पिवळा दिवा लागतो. केंद्रातला माणूस हाक पाहतो, मदत रवाना करतो, ‘ऐकले’ अशी कळ दाबतो. त्याबरोबर भिंतीवरचा पिवळा दिवा हिरवा होतो. हिरवा म्हणजे: तुमची हाक पोचली, माणूस निघाला, आता हलू नका. विक्रीविभाग, जाहिराती, काचेच्या बैठकखोल्या आणि ती पितळी कात्री, हे सारे त्या एका हिरव्या दिव्याच्या जिवावर उभे होते. अर्थात देवळाच्या पायऱ्या चढताना देवाची आठवण राहतेच असे नाही.

डबा आणि केंद्र यांच्यामध्ये बोलण्याची जी वाट उघडते, तिच्या टोकांना असलेल्या दारांना या धंद्यात सॉकेट म्हणतात. ती दारे उघडायची केव्हा, धरून ठेवायची किती आणि लावायची कशी, यासाठी जुन्या कोडात एक अवाढव्य प्रकरण होते. ते ज्याने लिहिले त्याला कचेरीत ‘मूळपुरुष’ म्हणत. मूळपुरुषाने नोकरी सोडून बराच काळ झाला होता. तो आता घरी पाव भाजून आसपासच्या दुकानांना विकत असे, आणि चाळणीचा नवरा होता.

वस्तऱ्याने त्या प्रकरणाचा जंगलतोडीसारखा फडशा पाडला होता. तो बदल चाळणीने वाचायला घेतला आणि तिला आनंद झाला. हे कबूल करणे तिला जड गेले नाही. चांगल्या कामाचा आनंद न होणारा तपासनीस हा निव्वळ जकातनाका असतो. जिथे नवऱ्याने एकाच गोष्टीची सात ठिकाणी काळजी घेतली होती तिथे वस्तऱ्याने ती एकदाच, पण नीट घेतली होती. जिथे नवरा घाबरला होता तिथे वस्तऱ्याने विचार केला होता. एखादी अडगळीची खोली कोणीतरी रिकामी करावी आणि तिला खिडकी होती हे तेव्हा कळावे, तसे ते वाचताना वाटत होते.

शेवटाजवळ ती थांबली.

पुसलेल्या ओळींमध्ये एक छोटा तुकडा होता. त्याच्या डोक्यावर नवऱ्याने एक टीप लिहिलेली होती. सबंध प्रकरणातली एकुलती एक. ‘हे काढू नका.’ कारण दिलेले नव्हते. वस्तऱ्याने ते काढले होते.

चाळणीला राग आला, आणि तो नेहमीसारखाच थंड आला. वस्तऱ्यावर नव्हे. मागे आज्ञा ठेवून कारण मात्र बरोबर घेऊन जाणाऱ्या समस्त पूर्वजांवर. कारण हरवलेल्या आज्ञेचे दोनच शेवट होतात: कोणी तिची पूजा करतो, नाहीतर कोणी ती पुसतो, आणि तिचा अर्थ दोघांपैकी एकालाही ठाऊक नसतो. पूजा करणाऱ्यांवर भरपूर ग्रंथ झाले आहेत. पुसणाऱ्यांना कात्री मिळते.

तिने वस्तऱ्याला बोलावले.

“झालं वाचून, मॅडम?”

“झालं. बस. सुरेख आहे.”

वस्तऱ्याने मागे वळून पाहिले; दुसऱ्या कोणाला म्हणाली की काय.

“मी? सुरेख?”

“तू नाही, तुझा बदल. आता एवढं सांग. समोरून येणारं बोलणं संपलं, की तू काय करतोस?”

“दार लावतो.”

“बोलायचं की ऐकायचं?”

“दोन्ही. समोरच्याने फोन ठेवला की आपणही ठेवायचा. मेलेल्या फोनला कान लावून कोण बसतं?”

“त्याने फोन ठेवला, हे तुला कोणी सांगितलं?”

“बोलणं संपलं ना त्याचं.”

“माझंही आत्ता संपलं. मी उठून गेले का?”

वस्तरा हसला, पण हसू पुरते फुलले नाही. “मॅडम, सगळ्या चाचण्या पास आहेत. एकूण एक.”

“चाचणीत हाक कोण मारतं?”

“नकली डबा. मीच लिहिलाय.”

“नक्कल कोणाची?”

“नव्या डब्याची. जुने तर कंपनीने कधीच परत घेतले.”

चाळणीने चष्मा काढून पुसला. ज्यांनी शितावरून भाताची परीक्षा करायची, त्यांनी शीत निदान त्याच भांड्यातले घ्यावे, अशी तिची माफक अपेक्षा होती.

वस्तरा जरा घुटमळला. “राग मानणार नसाल तर एक बोलू? लोक म्हणतात, हा तुकडा घरचा आहे. म्हणून तुम्ही…”

“घरचाच आहे. त्याच्या कोडाला मी जेवढी नावं ठेवली तेवढी माझ्या सासूने मलाही ठेवली नाहीत. जा, चहा घेऊन ये. तोवर मी मूळपुरुषाला विचारते.”

मूळपुरुषाने फोन उचलायला वेळ लावला.

“हात पिठात आहेत. पटकन बोल.”

“तू ‘हे काढू नका’ असं लिहून ठेवलंयस.”

“मग नका काढू.”

“का?”

पलीकडे कणकेचा गोळा ओट्यावर आपटल्याचा आवाज आला. मग पुन्हा एकदा.

“आठवत नाही गं.”

“लिहायला काय झालं होतं? बोटं झिजली असती?”

“त्या वेळी ते इतकं उघड होतं, की लिहिणं म्हणजे वाचणाऱ्याचा अपमान वाटला.”

“तो अपमान आता मी तुझा करीन.”

“संध्याकाळी कर, गिऱ्हाईक यायचंय. आणि हे बघ, उडवायचं तर उडव सगळं. मला काडीचं वाईट वाटणार नाही. भिकार लिहिलं होतं मी ते.” एवढे बोलून तो फोन ठेवणार, तेवढ्यात थबकला. “जुन्या डब्याचं काहीतरी होतं बघ. तो जरा विचित्रच बोलायचा.”

एवढे पुरे होते. जुना डबा हाक मारेपर्यंत गप्प असतो. तो कुठे आहे, आहे की नाही, हे त्याने तोंड उघडल्याखेरीज केंद्राला कळायची सोय नाही. सगळे परत घेतले, असे कंपनी म्हणत होती. पण चाळणीला एक ठाऊक होता. तो कचेरीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, दुसऱ्या मजल्यावरच्या एका भिंतीवर होता, आणि त्याचे बटण ज्या गळ्यात होते तो गळा तिच्या ओळखीचा होता.

विभागप्रमुख कॉफीचा कप घेऊन आले. ते कधीही रिकाम्या हाताने येत नसत आणि कधीही बसत नसत.

“बाई, संध्याकाळच्या आत हे बाहेर सोडायचंय. उद्या मालकांना दाखवायचंय. केवढा पसारा कमी झालाय!”

“संध्याकाळच्या आत उत्तर देते.”

“उत्तर म्हणजे ‘हो’ ना?”

“उत्तर म्हणजे उत्तर.”

आता त्या कचेरीच्या एका रिवाजाविषयी सांगायला हवे. कोणत्याही बदलाला मंजुरी देण्याआधी, तो करणाऱ्याने ‘आत्याला सांगितले’ हे दोन शब्द लिहायचे असत. ते लिहिल्याखेरीज मंजुरीची कळच उमटत नसे. ही मूळपुरुषाने घातलेली रीत: ज्याच्या भिंतीवर डबा आहे त्याला आपण काय बदलतो ते साध्या शब्दांत सांगता आले पाहिजे, सांगता येत नसेल तर ते आपल्यालाच कळलेले नाही. सुरुवातीला लोक खरोखर कोणाला तरी सांगत. पुढे मनातल्या मनात सांगू लागले. पुढे नुसते लिहू लागले. नव्या मंडळींपैकी कोणाला वाटे की आत्या ही एखादी विनोदी शपथ आहे. वस्तऱ्याची समजूत अशी, की आत्या हे पूर्वी वापरात असलेल्या एखाद्या तपासणीयंत्राचे नाव असावे. तो दर वेळी हे दोन शब्द इतक्या झटपट लिही, की ते लिहायला त्याने आपल्या कळफलकावर एका कळीची सोय करून घेतली होती.

“आत्याला सांगितलंस?” चाळणीने विचारले.

“लिहिलंय की, मॅडम.”

“लिहिलंयस ते दिसतंय. सांगितलंस का?”

“ते नुसतं लिहायचं असतं ना?”

“लॅपटॉप उचल. चल.”

“कुठे?”

“आत्याकडे.”

वस्तऱ्याच्या हातातला चहा जागच्या जागी राहिला. “आत्या… आहेत?”

“चांगल्या खणखणीत आहेत. आणि वाट बघायला लावलेलं त्यांना आवडत नाही.”

टायरचे दुकान, कपडे धुण्याचे दुकान आणि त्या दोहोंच्या मध्ये चोरासारखा लपलेला एक जिना. जिन्याचा लोखंडी कठडा हातांनी गुळगुळीत झालेला. दुसऱ्या मजल्यावर दार वाजवायच्या आधीच उघडले.

आत्या म्हणजे मूळपुरुषाच्या वडिलांची धाकटी बहीण. तिने उभी हयात नाटक कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून काढली. विंगेत बसून विसरणाऱ्या नटांना त्यांची वाक्ये पुरवली. स्वतःचे वाक्य विसरल्याचे मात्र तिच्याबाबत कोणाला आठवत नव्हते.

“सूनबाई! कामाच्या दिवशी उजेडात? कोण गेलं?”

“कोणी नाही, आत्या. ह्याला तुमच्याकडे आणलंय.”

आत्याने वस्तऱ्याला आपादमस्तक न्याहाळले. “दाढीवरून नट वाटतो. बुटांवरून वाटत नाही.”

“नमस्कार, आजी.”

“आजी असेल तुझ्या घरी. मला आत्या म्हण. आणि बूट बाहेर काढ.”

वस्तऱ्याने चाळणीकडे असे पाहिले, जणू जन्मभर ज्याचे नाव घेऊन शपथा वाहिल्या तो देव समोर येऊन बूट काढायला सांगतो आहे.

डबा बोळातल्या भिंतीवर होता, न्हाणीघराच्या दाराच्या बरोब्बर समोर. पिवळट पडलेला, कोपरा तुटलेला.

“हा कसा राहिला?” वस्तऱ्याने विचारले. “परत न्यायला माणूस आला असेल ना?”

“आला होता. मी आतून सांगितलं, घरात कोणी नाही.”

“मग?”

“मग गेला. आज्ञाधारक होता बिचारा.” आत्या बोळातल्या आरामखुर्चीत बसली. “मी तो डबा का देईन? माझा पाय मोडला तेव्हा त्याने मला वाचवलंय. नव्याची मला काय ओळख?”

ती हकीगत चाळणीला तोंडपाठ होती, वस्तऱ्याला नव्हती. आत्या न्हाणीघरात घसरली, मांडीचे हाड मोडले. बटण दाबले. उघड्या दारातून समोर पिवळा दिवा दिसत होता. तो हिरवा झाला. हिरवा झाल्यावर हलायचे नाही असे तिला शिकवलेले होते, म्हणून ती ओल्या फरशीवर तशीच पडून राहिली आणि लोक येईपर्यंत एका जुन्या नाटकाचा तिसरा अंक सगळ्या पात्रांसकट म्हणत राहिली. नंतर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणाले होते, की बाई फोनपर्यंत सरपटत गेल्या असत्या तर हाडाचे टोक शेजारच्या रक्तवाहिनीत घुसले असते. मग आम्हाला बोलावण्याचा उपयोग नव्हता.

“बरं, काय सांगायचंय तुला?” आत्या वस्तऱ्याला म्हणाली.

वस्तऱ्याने घसा खाकरला. बैठकीत तो हेच अर्धा तास सफाईने सांगू शकला असता. “आत्या, तुम्ही बटण दाबता. तुमचा डबा आमच्याशी बोलतो. त्याचं बोलून झालं, की आम्ही… म्हणजे आमची बाजू… फोन ठेवते.”

“ठेवते? अरे, मी इकडे पडलेय!”

“हो, पण तुमचं बोलणं संपलेलं असतं ना.”

“माझं संपलंय. तुझं कुठे सुरू झालंय?”

वस्तऱ्याने लॅपटॉप उघडला.

“आता करून बघू,” चाळण म्हणाली. डब्याच्या पाठीवर केंद्राचा पत्ता बदलायची सोय होती. तिने तिथे वस्तऱ्याच्या लॅपटॉपचा पत्ता घातला; त्यावर त्याचा नवा कोड चालू होता आणि पडद्यावर मदतकेंद्रासारखीच खिडकी उघडली होती. केंद्रातला माणूस आज वस्तराच होता.

आत्याने नुसते बटण दाबायला ठाम नकार दिला. तालीम करायची तर नीट करायची, हा तिचा धर्म. ती बोळासमोरच्या सोफ्यावर आडवी झाली, एक हात लोंबता सोडला आणि “आई गं!” अशी किंकाळी फोडली की खाली कपडे धुणाऱ्याने वर हाक मारून विचारले.

“काही नाही हो!” चाळण खिडकीतून म्हणाली. “तालीम आहे!”

बटण दाबले गेले. भिंतीवर पिवळा दिवा लागला. लॅपटॉपवर हाक उमटली, पत्त्यासकट, स्वच्छ. वस्तऱ्याचा चेहरा उजळला. त्याने ‘ऐकले’ दाबले. पडद्यावर ओळ आली: ‘उत्तर दिले.’

भिंतीवर पिवळा.

त्याने पुन्हा दाबले. ‘उत्तर दिले.’ डब्याने थोडी वाट पाहिली, पिवळा दिवा फडफडला, आणि डब्याने पुन्हा हाक मारली. ती उमटली. वस्तऱ्याने दाबले. ‘उत्तर दिले.’ पुन्हा हाक. पुन्हा उत्तर. पडद्यावर कर्तव्यदक्षतेची रांग लागली आणि भिंतीवरचा दिवा तसाच फडफडत राहिला.

“अहो, पण मी उत्तर दिलंय!” वस्तरा म्हणाला.

“मला नाही मिळालं,” आत्या डोळे मिटूनच म्हणाली.

“इथे दिलंय असं दिसतंय.”

“मग मी तिथे येऊन पडते.”

वस्तऱ्याला हसू आले नाही. तो उठला, डब्यापाशी गेला, दिव्याकडे पाहत उभा राहिला आणि मग न्हाणीघराच्या उघड्या दाराकडे त्याची नजर गेली. तिथून सरपटत फोनपर्यंत किती अंतर आहे ते त्याने डोळ्यांनी मोजले. चाळणीने त्याला ते मोजू दिले. शिकवण्याची तिला हौस होती. पण मध्ये केव्हा कडमडू नये, हेही तिला कळत होते.

“त्याला ‘संपलं’ म्हणता येत नाही,” तो हळूच म्हणाला.

“नाही. नवा डबा शेवटी ‘संपलं’ अशी खूण करतो आणि उत्तरासाठी थांबतो. ह्या बिचाऱ्याला तशी खूण शिकवलीच नव्हती. बोलणं संपल्याचं सांगायची त्याची रीत एकच: तोंड मिटणं. बोलायचं दार लावतो आणि कान उघडे ठेवून बसतो.”

“आणि मी त्याच्या कानावर दार आपटतो. वर माझा माणूस ‘ऐकले’ म्हणतो तेव्हा वाटच उरलेली नसते, म्हणून उत्तर गुपचूप टाकून देतो.” तो थांबला. “ते टाकून द्यायचंही मीच लिहिलंय. उगाच चुकीचे संदेश नकोत म्हणून.”

“कमी ओळी, कमी कटकट,” चाळण म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. विभागप्रमुख. तिने तो आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

“बाई, कुठे आहात? काय ठरलं?”

तिने सांगितले. फार थोडक्यात, एकही विशेषण न वापरता.

पलीकडे सुस्कारा ऐकू आला. “म्हणजे हाक पोचते ना? मदत निघते ना? मग दिव्याचं एवढं काय? आणि असले डबे राहिलेत किती? सगळे परत घेतलेत आपण.”

“माझ्या नात्यातल्या एकीने दार उघडलं नाही. जे माझ्या नात्यातले नाहीत त्यांनी झाडून सगळ्यांनी उघडलं, असं मी कशावरून मानू?”

“अहो, पण मूठभर म्हाताऱ्यांसाठी सगळा बदल…”

“सर,” चाळण म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. कचेरीतल्या जुन्या माणसांना हे लक्षण ठाऊक होते. “म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो, ही म्हण तुम्हाला माहीत असेल. मला ती लहानपणापासून अर्धीच पटते. काळ सोकावतो, हे खरंच. पण म्हातारी मेल्याचं दुःख आहे. आपला धंदाच त्या दुःखावर चालतो. लोक पैसे मोजतात ते मदत निघावी म्हणून, आणि ती निघाली हे फरशीवर पडलेल्या माणसाला कळावं म्हणून. ते कळलं नाही तर माणूस हलतो. हलला तर काय होतं ते ह्या घरात डॉक्टरांनी सांगून झालंय.”

“म्हातारी अजून मेलेली नाही, हेही सांग त्यांना,” आत्या सोफ्यावरून म्हणाली.

विभागप्रमुख गडबडले. “कोण बोललं?”

“आत्या,” वस्तरा म्हणाला.

“कोण आत्या?”

“आपली, सर. ‘आत्याला सांगितले’मधली.” तो फोनजवळ सरकला. “सर, चूक माझी आहे. बदल मागे घ्यायचा नाही. तो चांगलाच आहे. पण त्याला एक दार उघडं ठेवावं लागेल. मी इथेच बसून करतो. थोड्या ओळी वाढतील.”

“वाढतील?” विभागप्रमुखांनी असे विचारले, जणू कोणी त्यांना छत गळत असल्याचे सांगितले होते.

“वाढतील,” वस्तरा म्हणाला. “आणि तुमची कात्री माझ्या मेजावर आहे, ती घेऊन जा. ह्या महिन्यात मला नको.”

फोन बंद झाल्यावर चाळणीने त्याच्याकडे बघितले नाही. बघितले असते तर कौतुक दिसले असते, आणि सुरेख हा शब्द ती सकाळीच खर्च करून बसली होती.

वस्तरा आत्याच्या जेवणाच्या टेबलावर कामाला लागला. आत्या मात्र उठायला सांगूनही उठेना.

“अहो आत्या, चहा तरी घ्या,” चाळण म्हणाली.

“हिरवा होईपर्यंत हलायचं नाही, असं मला तुमच्याच लोकांनी शिकवलंय. मी आपली पडून राहते. तुम्ही घ्या चहा. बिस्किटं वरच्या डब्यात आहेत, जुन्याच.”

पुसलेला तुकडा होता तसा परत आणायची गरज नव्हती, हे पाहून चाळणीला मनापासून बरे वाटले. नवऱ्याने जे पानभर घाबरून लिहिले होते ते वस्तऱ्याच्या मोकळ्या घरात दोन-चार ओळींत मावत होते: समोरचा बोलायचा थांबला तर फक्त ऐकायचे दार लावा, उत्तराचे दार उत्तर पोचेपर्यंत, किंवा आशा सुटेपर्यंत, उघडे ठेवा.

“आणि हे?” तिने पडद्यावरच्या ‘उत्तर दिले’वर बोट ठेवले.

“खोटं आहे ते.”

“कोण खोटं बोलतं?”

“मी.” त्याने तिथे लिहिले: पोचले तरच ‘उत्तर पोचले’, एरवी लाल अक्षरांत ‘उत्तर पोचले नाही, फोन करा’. मग जुन्या डब्याची नक्कल करणारी एक नवी चाचणीही लिहिली; ती तोंड मिटून कान उघडे ठेवून बसे. शेवटी टिपेची जागा आली आणि तो अडला.

“इथे काय लिहू? ‘हे काढू नका’?”

“ते एकदा लिहून झालंय. कारण लिही. उद्या तुझ्यापेक्षा हुशार कोणी येईल आणि त्याला हे कशासाठी आहे ते ठाऊक नसेल.”

वस्तऱ्याने लिहिले: ‘जुना डबा बोलून झाल्यावर आपले बोलायचे दार लावतो, पण उत्तरासाठी ऐकत राहतो. उत्तर पोचायच्या आत आपण वाट तोडली, तर फरशीवर पडलेल्या माणसाला हिरवा दिवा दिसत नाही आणि तो हलतो.’ मग क्षणभर थांबून त्याने आणखी एक वाक्य घातले: ‘शंका असल्यास आत्यांकडे जाऊन पाहावे, बूट दाराबाहेर काढावेत.’

“ते शेवटचं काढ,” चाळण म्हणाली. मग म्हणाली, “राहू दे.”

आत्याने दुसऱ्यांदा बटण दाबले. या वेळी किंकाळी नव्हती; पाहुण्या नटाला पहिल्या रांगेतून बघावे तशी ती मान वळवून भिंतीकडे बघत होती. पिवळा लागला. पडद्यावर हाक आली. वस्तऱ्याने बोट कळीवर ठेवले आणि दाबले.

हिरवा.

वस्तऱ्याने लॅपटॉपकडे न बघता दिव्याकडेच बघत विचारले, “परत एकदा दाबता, आत्या?”

“पुन्हा पुन्हा दाबून काय ‘वन्स मोअर’ घेतोस?” असे म्हणून तिने दाबले. पुन्हा हिरवा.

चाळणीने डब्याच्या पाठीवर खऱ्या केंद्राचा पत्ता परत घातला, वाचला, पुन्हा वाचला, आणि केंद्राला फोनवर कळवून आत्याला शेवटचे बटण दाबायला लावले. तिकडे अजून जुनाच कोड चालू होता; तिच्या नवऱ्याचा, घाबरट, पानेच्या पाने लांब. दिवा हिरवा झाला. दोन हिरव्यांत कसलाही फरक नव्हता. पसारा गेला होता आणि भिंतीवरून तो गेल्याचे कळत नव्हते. सोपे करणे म्हणतात ते हे, एवढे तरी कचेरीतल्या त्या वचनाखाली कोणी लिहायला हवे होते.

आत्या उठून बसली, पदर सारखा केला आणि आपल्या चहाची मागणी केली.

वस्तऱ्याने मंजुरीची खिडकी उघडली. सवयीने त्याचे बोट त्या एका कळीकडे गेले, जिने ते दोन शब्द आपोआप उमटत. ते तिथून मागे आले. त्याने एकेक अक्षर शोधून, जणू पहिल्यांदाच लिहीत असल्यासारखे, टाइप केले: ‘आत्याला सांगितले.’ मग लॅपटॉप चाळणीकडे वळवला. तिने सगळे पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचले, कारण नुसते नाते जुळले म्हणून ती कोणाला सोडत नसे, आणि ‘वाचले; जाऊ द्या’ असे लिहून कळ दाबली.

“पण नीट सांगितलं नाहीस हं,” आत्या कपात बिस्कीट बुडवत वस्तऱ्याला म्हणाली. “मला निम्मं कळलं नाही. पुढच्या वेळी तयारी करून ये. वाक्य अडलं तर मी आहेच.”